साळवेबाईंची बटणं

साळवेबाईंच्या घरी एखाद्या पाहुण्याने आपल्या हाताने पंखा लावायला बोट पुढे केलं, की बाई खुर्चीतूनच ओरडायच्या, "आधी वाच!"

कारण त्यांच्या घरात प्रत्येक बटणाखाली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. दुरेघी वहीचा कागद, निळी शाई, आणि फळ्यावर असतं तसं ठसठशीत अक्षर. "हे बटण दाबल्यास मागील दारचा दिवा लागतो. पंखा नव्हे." "हे बटण दोनदा दाबावे." "हे बटण पावसाळ्यात दाबू नये." "हे बटण फक्त एकनाथने दाबावे." न्हाणीघराबाहेर एक एकटंच बटण होतं, त्याच्याखाली लिहिलं होतं, "हे बटण कशाचेही नाही." बाई जाऊन आता दोन वर्षं होतील. ती न्हाणीघराबाहेरची चिठ्ठी माझ्या मेडिकलच्या ड्रॉवरमध्ये आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की कधीकधी काढून वाचतो.

श्रीरामपुरात आमची घरं समोरासमोर. खाली माझं औषधांचं दुकान, वर आम्ही नवराबायको, आणि रस्त्याच्या पलीकडे बाईंचं तीन खोल्यांचं घर. बाईंनी छत्तीस वर्षं तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या झेडपीच्या शाळांत मास्तरकी केली. नवरा लवकर गेला, मुलगी सुनंदा लग्न होऊन नाशिकला. निवृत्तीच्या पैशांतून बाईंनी हे घर बांधलं आणि त्यात एकट्या राहिल्या. म्हणजे एकट्या असं म्हणायचं. अर्धा तालुका त्यांचा विद्यार्थी होता.

आणि हीच तर गोम होती. बाई कुठलंही काम विद्यार्थ्याशिवाय दुसऱ्या कुणाला देत नसत. गवंडी विद्यार्थी, सुतार विद्यार्थी, शिंपी विद्यार्थी. "आपल्याच हातचं पोर आहे," हे एकदा म्हटलं की पुढची चौकशी नाही. शिंप्याने ब्लाउजची एक बाही अर्धा इंच मोठी शिवली, तर बाई तोच ब्लाउज घालून चर्चला गेल्या. वर म्हणाल्या, "भूमितीत कच्चाच होता तो." दूधवाला दारात आला की त्याला विचारायच्या, "एक लिटर दुधात पाव लिटर पाणी घातलं तर एकूण किती?" बिचारा मान खाली घालून "सव्वा लिटर, बाई," म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी दूध जरा दाट यायचं.

विद्यार्थ्यांना हाक मारायची ती हजेरीपटातल्यासारखी. आडनाव, नाव, बापाचं नाव. बाजारात मिशाळ, फेटेवाला, उसाच्या दोन ट्रॉल्यांचा मालक चालला असेल, तर मागून आवाज यायचा, "थोरात किसन रामभाऊ!" आणि तो गडी टपरीवरची सुपारी गालातल्या गालात दडवत "हजर, बाई," म्हणून उभा राहायचा. मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. त्यामुळे माझ्याबद्दल त्यांना कायम थोडी शंका असायची. "वसंता, तू तसा बरा आहेस," त्या म्हणायच्या, "पण तुझा पाया कुणी घातलाय, काही सांगता येत नाही." पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागायचं, आणि मी घ्यायचो.

तर त्या घराचं वायरिंग केलं होतं गोरे एकनाथ दगडू याने. हा बाईंचा चाळीस वर्षांपूर्वीचा चौथीतला विद्यार्थी. उंच, वाकलेला, कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशात टेस्टर. स्वभावाने गरीब गाय. पण बाईंच्या घरात त्याने जे करून ठेवलं होतं, त्याला तोड नव्हती.

दारावरची बेल दाबली की बेल वाजत नसे. आत स्वयंपाकघरातला दिवा लागायचा. बाईंना त्यात काही गैर वाटत नव्हतं. "आवाज नाही, काही नाही. पोस्टमन आला की कळतं," असं त्या म्हणायच्या. अर्थात त्या स्वयंपाकघरात असल्या तरच कळायचं. बाहेरच्या खोलीतला पंखा उलटा फिरायचा आणि सगळा वारा छताला लागायचा. उन्हाळ्यात आम्ही त्या पंख्याखाली घाम पुसत बसायचो आणि बाई म्हणायच्या, "फिरतोय ना? मग झालं."

महिन्या-दीड महिन्याने एकनाथला बोलावणं जायचं. मग माझ्या दुकानात बसून मला सगळं ऐकू यायचं. बाई त्याच्या पाठीमागे हातभरावर खुर्ची टाकून बसायच्या. "गोरे एकनाथ दगडू, ही तार कुठे चालली?" "वर, बाई." "वर कुठे?" "मंग खाली नेऊ का, बाई?" "मला विचारतोस? वायरमन तू का मी?" "तुमी, बाई. न्हाई, म्या, बाई." शेवटी बाई पेन्सिल काढून बोर्डाशेजारी भिंतीवरच मार्क लिहायच्या. "१० पैकी ३. पुन्हा कर." त्या भिंतीवर अशा बऱ्याच वर्षांच्या मार्कांची रांग होती आणि एकनाथ साडेचारच्या वर कधी गेला नव्हता.

मी एकदा धीर करून म्हणालो, "बाई, वायरमन बदला की."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पोराचं गणित चुकलं तर पोरगा बदलतात का?" मग जरा थांबून म्हणाल्या, "चूक त्याची नाही, माझी आहे. पाया मी घातलाय." मला वाटलं, हे शिक्षकी बोलणं. मी हसलो आणि सोडून दिलं. एक मात्र होतं. घरात एवढा आरडाओरडा करणाऱ्या बाई बाहेर एकनाथबद्दल अवाक्षर काढत नसत. कुणी विचारलं, "बाई, घराचं वायरिंग कुणी केलं?" तर ताठ मानेने सांगायच्या, "आमच्या एकनाथनं."

चार-पाच वर्षांपूर्वी मी दुकान वाढवलं. औषधांसाठी मोठा फ्रीज घ्यायचा होता, वायरिंग नव्याने करणं भाग होतं. नेमका सीझन चालू, उसाच्या ट्रॅक्टरनी रस्ते भरलेले, आणि माझा नेहमीचा वायरमन गावी गेलेला. नाइलाज म्हणून मी एकनाथला बोलावलं. बायको म्हणाली, "अहो, फ्रीज उलटा फिरेल." मीही छातीवर दगड ठेवूनच तयार झालो होतो.

दोन दिवसांत त्याने काम केलं आणि मी बघतच राहिलो. पट्ट्या ओळंब्यात. बोर्डाच्या आत तारा वेणी घातल्यासारख्या, प्रत्येक स्क्रू घट्ट, अर्थिंगची तार वेगळी काढलेली. फ्रीजचं बटण दाबलं, फ्रीज चालू झाला. मी तीनदा दाबून पाहिलं. चक्क फ्रीजच चालू होत होता.

"एकनाथ," मी म्हणालो, "हे तू केलंस?"

"व्हय शेठ. का, काय चुकलं का?"

"मग बाईंच्या घरी काय होतं तुला?"

एकनाथ स्टुलावरून खाली उतरला, रुमालाने तोंड पुसलं. "शेठ, खरं सांगू का? म्या कारखान्यावर हेल्पर हुतो, तितं शिकलो. चालू डीपीशेजारी काम केलंय, कदी भ्या वाटलं न्हाई. पर बाई मागं खुर्ची टाकून बसल्या की हात कापत्यात. कुठली तार कशाला, कायच सुदरत न्हाई. स्क्रू पिळायला घेतला की बाई म्हंत्यात, 'झालं का?' मंग तसाच सोडून म्हंतो, झालं बाई." त्याने आवाज खाली आणला. "घरी जाऊन लई वाईट वाटतं. येवढं सोपं काम."

मी पोट धरून हसलो. तोही हसला, पण त्याचं हसणं लवकर थांबलं.

मी हे बाईंना सांगितलं नाही. आणि सांगितलं नाही हे चुकलंच माझं, कारण पुढच्याच डिसेंबरात त्यांचा बोर्ड पेटला. सकाळी अकराची वेळ. गिझर चालू, मिक्सर चालू, आणि सैल राहिलेल्या स्क्रूपाशी ठिणगी पडून प्लास्टिक वितळायला लागलं. धूर बघून मी दुकान उघडं टाकून पळालो आणि मेन स्विच खाली ओढला. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदराला काळं लागलेलं, हातात अर्धी जळालेली चिठ्ठी. "वसंता, हे बटण मी दाबलंच नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या. इतकी वर्षं या बाईंना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी नाशिकहून सुनंदाचा फोन आला. तिने सरळ सांगितलं, "आई, नाताळला मी येतेय. तोपर्यंत चांगला माणूस लावून सगळं वायरिंग नवं करून घे. नाहीतर घराला कुलूप आणि तू माझ्याबरोबर नाशिकला. या वेळी मी ऐकणार नाही." तिचं काही चुकत नव्हतं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, घरात एकटी, आणि भिंतीत आग.

"मी चांगला माणूस बघून देतो," मी बाईंना म्हणालो.

"बाहेरचा माणूस माझ्या भिंतींना हात लावणार नाही."

"मग नाशिकला जाल?"

ओट्यावर नाताळची कागदी चांदणी घडी करून ठेवली होती, बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दुसरा माणूस आणला तर गावाला काय कळेल? एकनाथला काही येत नाही, हेच ना?" घर सुटलं तरी चालेल, पण पोराचं नाव जायला नको, असं त्यांचं चाललं होतं. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं.

शेवटी मी त्यांचा हात धरून रस्ता ओलांडला आणि त्यांना माझ्या दुकानात आणलं. फ्रीजमागचा बोर्ड उघडून दाखवला. बाईंनी चष्मा नाकावर घट्ट बसवला. एकेका तारेवरून नजर फिरवली, पट्टीवरून बोट ओढत गेल्या.

"कुणी केलं?"

"एकनाथनं."

"आमच्या?"

"गोरे एकनाथ दगडू यांनी," मी म्हणालो.

बाई कितीतरी वेळ तो बोर्ड बघत होत्या. चेहरा असा काही उजळला की मला पुढचं बोलवेना. पण बोललो. "बाई, तो सगळीकडे असंच काम करतो. तुम्ही मागे बसलात की त्याचे हात कापतात."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता माझी हजेरी घेणार. पण त्या नुसत्याच म्हणाल्या, "मग मी काय करू?"

"एक दिवस आमच्याकडे येऊन बसा. त्याला एकट्याला करू द्या."

ठरलेल्या दिवशी नऊच्या ठोक्याला बाई आमच्याकडे आल्या. हातात पर्स, चष्म्याचं घर, पाण्याची बाटली. गॅलरीत खुर्ची ओढून आपल्या घराकडे तोंड करून बसल्या. समोरून हातोडीचा पहिला ठोका आला आणि त्या ताडकन उठल्या. "जोरात मारतोय तो!" मी त्यांना खाली बसवलं. दुसऱ्यांदा उठल्या तेव्हा मी खुर्चीच फिरवली आणि त्यांची पाठ रस्त्याकडे केली. माझ्या बायकोने, शोभाने, त्यांच्या पुढ्यात मेथीची जुडी ठेवली. हात गुंतलेले बरे, असा तिचा हिशोब.

बाई मेथी निवडायला लागल्या. थोड्या वेळाने काडी हातातच धरून म्हणाल्या, "त्यालाही मी असंच बसवलं होतं. पाठमोरं."

"कुणाला?" शोभाने विचारलं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. एकनाथ चौथीत असताना शाळेला विज्ञानपेटी मिळाली. लोहचुंबक, भिंग, दोन सेल, थोडी तार आणि बोराएवढा एक बल्ब. वस्तीवर तेव्हा लाइट आलेली नव्हती. बाईंनी वर्गात तो बल्ब लावून दाखवला आणि पोरं किंचाळली. एकनाथ तेवढा किंचाळला नाही. तो जवळ येऊन म्हणाला, "बाई, परत." त्या दिवशी त्याने बाईंना तो बल्ब किती वेळा लावायला लावला, त्याला गणती नव्हती. तिसऱ्या दिवशी पेटी उघडली तर बल्ब गायब. सगळ्या वर्गाने एकनाथकडे बोट दाखवलं. तो म्हणत होता, "म्या न्हाई घेतला." बाईंनी त्याला फूटपट्टीने मारलं. एवढ्यावर थांबल्या नाहीत. उरलेलं वर्षभर पेटी उघडली की एकनाथने भिंतीकडे तोंड करून बसायचं, अशी शिक्षा केली.

"चौथीनंतर त्यानं शाळा सोडली," बाई म्हणाल्या. "दोन वर्षांनी माझी बदली झाली. चार्ज देताना पेटी रिकामी केली, तर तळाला कापूस होता, त्या कापसात बल्ब. तिथंच होता वसंता, कुठं गेलाच नव्हता. मी त्याच्या घरी गेले, तर घरच्यांनी बिऱ्हाड हलवलेलं. पुढं हे घर बांधताना गवंड्यानं वायरमन आणला, तर समोर हाच. मी नाव विचारलं, तर म्हणाला, 'बाई, वळखलं न्हाई का?' त्याच दिवशी त्याला काम दिलं."

मग इतकी वर्षं काहीतरी बिघडलं म्हणून त्या त्याला बोलवत होत्या, ते खरं तर तू बल्ब घेतला नव्हतास, एवढंच सांगायला. "आज सांगायचंच, असं ठरवून बोलावते. तो समोर मान खाली घालून उभा राहतो, आणि माझ्या तोंडून निघतं, 'ही तार कुठे चालली?'" त्यांनी पर्स उघडून रुमालाची पुरचुंडी दाखवली. आत तो बोराएवढा बल्ब होता. काच पिवळी पडलेली. "मला वाटायचं, ज्या पोराला दिवा बघायचा होता त्याला मी भिंतीकडं तोंड करून बसवला, म्हणून त्याला धड वायरिंग येत नाही. मग मी त्याला सोडून दुसरा कसा आणू?"

शोभा पदर डोळ्यांना लावून आत गेली. मी मेथी निवडायला बसलो.

साडेचारला एकनाथने खालून हाक मारली. आम्ही तिघंही गेलो. घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या त्याने अलगद काढून टेबलावर एकावर एक रचून ठेवल्या होत्या. जुनी बटणं गेली होती. बाईंनी एक बटण दाबलं, पंखा लागला, आणि वारा खाली आला. दुसरं दाबलं, दिवा लागला. बाहेर जाऊन बेल दाबली. बेल वाजली तशा त्या स्वतःच दचकल्या. तीन खोल्या फिरून आल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. बोलायला चूक उरली नव्हती. एकनाथ दाराशी मान खाली घालून उभा होता.

"एकनाथ," बाई म्हणाल्या. पुढे आडनाव नाही, बापाचं नाव नाही. "चौथीतला तो बल्ब तू घेतला नव्हतास. मी तुला उगीच मारलं."

एकनाथने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"घेतला हुता, बाई," तो म्हणाला.

"काय?"

"म्याच घेतला हुता. घरी नेला. लावून बघितला अन् फुटला. भ्या वाटलं म्हनून बोललो न्हाई. तुमी मारलं ते बराबरच हुतं."

मी बाईंच्या पर्सकडे बघत होतो. खोटं बोललेलं त्यांना खपत नसे. तिसरीच्या पोराने खोटं सांगितलं म्हणून त्याच्या बापाला शेतातून बोलावून आणणारी ही बाई. पुरावा हातात होता, रुमालात बांधलेला. त्यांची बोटं पर्सच्या बटणापाशी गेली, तिथे जरा थांबली. मग त्यांनी पर्स काखेत सरकवली.

"असं होय," बाई म्हणाल्या. "बरं. बस. मी चहा टाकते."

इतक्या वर्षांत एकनाथला त्या घरात बसलेलं मी पाहिलं नव्हतं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला. बाई आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही. शोभा त्यांच्यामागे गेली. मी वाकून हळूच विचारलं, "एकनाथ, खरंच नेला होतास?"

त्याने मान हलवली. "न्हाई ओ शेठ. नुसता बल्ब नेऊन काय करनार? सेल कुटनं आनायचा आमी?" मग दाराकडे बघून म्हणाला, "बाईंचं तोंड बघितलं न्हाई का तुमी? लई दिस घोर लागला आसंल त्यांना. तुमी सांगू नगा त्यांना."

"नाही सांगत," मी म्हणालो. आणि त्याला जे माहीत नव्हतं, तेही मी त्याला सांगितलं नाही.

चहा आला. बाईंचे डोळे लाल होते, पण चष्मा पुसून स्वच्छ केलेला. एकनाथने बशीत ओतून चहा घेतला, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि निघाला. तो दारापुढच्या ओट्यावरून उतरताना बाई म्हणाल्या, "रविवारी ये. चर्च सुटल्यावर."

तो गोंधळला. "काय बिघाड ऱ्हायला का, बाई?"

"काही बिघडलेलं नाही. ये नुसता."

नाताळला सुनंदा आली, सगळी बटणं दाबून बघितली आणि एकटीच नाशिकला परत गेली. त्याच्या आधीच्या रविवारी मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. अकराच्या सुमाराला एकनाथ आला. धुतलेला शर्ट, हातात पक्कड नाही, पिशवी नाही, कानावर पेन्सिल नाही. बाहेरच्या खोलीत दोघं समोरासमोर बसली. दोघांपैकी उठायची घाई कुणालाच नव्हती.